न झिजणारा वायसर

मी वायसर बोलतोय. घाईत बोलतोय, कारण मी किसनच्या डब्यात भाकरीखाली दडलोय आणि कंपनीचं गेट जवळ आलंय. आज त्याने भाकरीला तोंडसुद्धा लावलं नाही.

पिंपरीच्या याच कंपनीत साहेबांनी मला घडवलं. रबर नाही, नायलॉन नाही, काहीतरी तिसरंच. नाव ठेवलं पवनाप्लास्ट. कानशीने घासलं, रॉकेलमध्ये बुडवलं, मला ओरखडा उठेना. वैताग आला मला! अरे बाबांनो, कामाला कधी लावणार?

एकदाचं लावलं. किसन इथे हेल्पर, राहायला थेरगावच्या बौद्धवस्तीत. तिथल्या हातपंपातला चामड्याचा वायसर सारखा झिजायचा. साहेब म्हणाले, "किसन, हा बसवून बघ." दुष्काळाचं साल होतं. दांडा खाली गेला, मी वर आलो आणि भदाभदा पाणी! दिवसभर वर-खाली, वर-खाली. काय मजा यायची, राव! किसनची बायको भिमाबाई म्हणाली, "आता कुनाच्या तोंडाकडं बघाया नको." गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायांना लांब उभं राहावं लागायचं. कुणाला दया आली तर कळशीत वरून ओतणार.

पण मोठे साहेब म्हणाले, "जे झिजतच नाही ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कशाला घेईल?" झालं, माझं उत्पादन बंद. नमुना म्हणून मला पंपातून काढून आणलं आणि ऑफिसातल्या काचेच्या कपाटात मांडलं. पाहुणे यायचे, वाहवा करायचे, चहा पिऊन जायचे. मला नुसतं बसवत नव्हतं. सगळा जीव त्या पंपात.

पंपात पुन्हा चामडं बसलं आणि पुन्हा झिजलं. आज काच पुसता पुसता किसन पुटपुटला, "वस्तीतनं निरोप आलाय, भिमा सकाळधरनं विहिरीवर उभी हाय. कुनी ओतंना." आणि त्याने कपाट उघडलं. सापडला तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

आलं गेट. वॉचमन हिंदुराव थेरगावचेच, विहीर त्यांच्याच भावकीची. त्यांनी डबा उघडला, भाकरी उचलली. मेलो!

"हे काय रं?"

किसन म्हणाला, "आमच्या वस्तीचं पानी हाय, दादा."

हिंदुरावांनी मला बोटाने दाबून पाहिलं. मागून माणसं ओरडायला लागली, "चला की राव!" मग त्यांनी भाकरी परत माझ्यावर ठेवली.

"झाकण घट्ट लाव. सांडंल."

आता पळ की रे, किसन! भिमाबाई अजून उभी आहे.