आईच्या मापाचा एप्रन

"मावशी, हा कापून माझ्या मापाचा करून द्या," टिल्ली म्हणाली आणि तिने तिच्या आईचा स्वयंपाकाचा एप्रन माझ्या शिलाई मशीनवर ठेवला.

मी पाय थांबवला. टिल्ली म्हणजे माझ्या दुकानासमोरच्या घरातली पोर, तिसरीत जाणारी. तिची आई मागच्या महिन्यात गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. एप्रन कशाला लहान करायचा विचारलं, तर म्हणाली, ओट्याशी स्टुलावर चढताना पायात अडकतो. बोलता बोलता तिने बाही खाली ओढली. मी ती वर केली. मनगटावर भाजल्याचा टपोरा फोड.

"कुणी सांगितलं तुला स्वयंपाक करायला?"

"सगळ्यांनी," ती म्हणाली. "आता घरातली आई मीच ना."

माझं डोकंच फिरलं. हे सगळे कोण, ते मला पाठ होतं. भेटायला येणारा जो तो पोरीच्या डोक्यावर हात ठेवून एकच टेप लावायचा. आता तूच धाकट्या भावाची आई, बाबांना तुझाच आधार, रडायचं नाही हं, शहाणी ना तू. पोर रडली नाही की जिना उतरताना कौतुक सुरू, किती बाई समजूतदार. समजूतदार कसली बोडक्याची! मेल्यांनी तिच्या तोंडाला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन आपापल्या घरी जेवायला गेले. तोंडची वाफ दवडायला यांच्या बापाचं काय जातं?

धंद्यात मी पोरांचे कपडे कधी कापून लहान करत नाही. कापड आत दुमडते, म्हणजे पोर वाढलं की उसवता येतं. पण हा एप्रन मला दुमडायचाही नव्हता.

"नाही करणार," मी म्हणाले. "आईएवढी झालीस की ये."

ती हट्ट करेल, निदान रुसेल, असं वाटलं होतं. पण एप्रन तिथेच ठेवून ती शहाण्यासारखी निघून गेली. तेच मला बघवलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आत्या होती, वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या, बँकेतले काका होते. बाप कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. आणि टिल्ली सगळ्यांना पाणी देत फिरत होती. मी तिच्या हातातला ट्रे काढून काकूंच्या मांडीवर ठेवला आणि पोरीची बाही वर केली.

"हा तुमच्या कौतुकाचा फोड," मी म्हणाले. "तिला आई करायची एवढी हौस असेल, तर उद्यापासून ओट्याशी तुम्ही उभे राहा."

आत्या म्हणाली, आम्ही धीरच देत होतो. मी म्हटलं, धीर पुष्कळ झाला, आता भात द्या. काका म्हणाले, परक्या माणसाने घरच्या गोष्टीत पडू नये. त्यांना मी बाजारहाट नेमून दिला. सकाळचा डबा काकूंचा, रात्रीचं जेवण आत्याचं, धुणं माझं. माझ्या तोंडी लागायची कुणाची छाती झाली नाही. भांडखोर म्हणून नाव झालंय माझं, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

बाप उठून लेकीसमोर बसला आणि फोडाकडे बघत राहिला. "मला दिसलंच नाही गं," म्हणाला. मला त्याच्यावरही चिडायचं होतं, पण तेवढं राहून गेलं.

काकू चार दिवस फुगून होत्या, पण डबा येत राहिला. टिल्लीला मात्र रिकाम्या हातांचं काय करावं कळेना. नुसती दारात उभी राहायची. शेवटी मीच तिला अंगणात पोरांत हाकललं.

पुढच्याच आठवड्यात पकडापकडी खेळताना ती पडली. गुडघ्याला खरचटलं, नखाएवढं. तिने गुडघ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. पोरं घाबरून लांब झाली. आत्या धावत आली, "अगं, शहाणी ना..." एवढं बोलून तिने माझ्याकडे बघितलं. मग टिल्लीशेजारी मातीतच बसली.

"मला आई हवी," टिल्ली ओरडत होती. "मला माझी आई हवी."

काकू जिना उतरून आल्या. कुणी तिला गप्प हो म्हटलं नाही.

नाक पुसायला काही सापडेना, म्हणून मी दुकानातून तो एप्रन आणला. तिने तो डोक्यावरून ओढून घेतला. पार पावलांपर्यंत झाकली गेली पोर. आतून रडणं ऐकू येत राहिलं आणि आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो.