बदकांचं तळं

गावाबाहेरच्या सांडपाणी केंद्रावरच्या ऑपरेटरचं नाक कधीच कामातून गेलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी त्याची बायको त्याला दारातच हुंगायची. ओल्या मातीचा वास आला तर टाक्या ठणठणीत. आंबूस आला, की तो आल्या पावली टाक्यांत हवा सोडणारे ब्लोअर बघायला पळायचा. शेजारी हसायचे. हसेनात का बापडे, तिचं नाक एकदाही चुकलं नव्हतं. लेक मात्र ओढणी नाकाला लावून आत सटकायची.

त्या दिवशी लेकीच्या होणाऱ्या सासूबाई प्रथमच गाव बघायला आल्या. लेकीने आधीच बजावलं होतं, "बाबा, केंद्राचं नाव काढू नका. तुम्ही पाणी खात्यात आहात, एवढंच सांगितलंय मी."

उभा जन्म ज्यात घातला, तेच झाकून ठेवायचं. पण पोरीच्या सुखापुढे बापाने तोंडाला कुलूप घातलं.

जुना पूल बघून झाला, टेकडीवरचा मनोरा झाला, शेवटी सगळे बदकांच्या तळ्यावर आले. आता हे तळं म्हणजे केंद्रातून शुद्ध होऊन निघालेल्या पाण्याचंच. वेतामागे केंद्राचं कुंपण दडलेलं, त्यामुळे पाहुण्यांना कळायचं कसं?

"काय नितळ पाणी आहे हो," विहीणबाई म्हणाल्या, आणि दमल्या जिवाने चूळ भरायला ओंजळ बुडवली.

पाणी कितीही नितळ असलं तरी ते पिण्याचं नव्हे. बोलावं तर शब्द मोडतो, न बोलावं तर पाप. ऑपरेटर तोंड उघडणार, तेवढ्यात लेकच पुढे झाली.

"थांबा आई. तोंडात नका घेऊ. अख्ख्या गावाचं सांडपाणी आहे ते. माझ्या बाबांनी स्वच्छ केलंय."

विहीणबाईंनी ओंजळ सोडली. हात हुंगला. बदकांकडे पाहिलं.

"आमच्या गावचा ओढा ओलांडताना सांडपाण्याच्या वासाने मी श्वास रोखते," त्या म्हणाल्या. "व्याही, आमच्याकडे येऊन जरा शिकवा लोकांना."

त्याने अभिमानाने मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर तो सवयीने केंद्रावर चक्कर मारून घरी आला. दारात बायको उभी होतीच, पण तिला बाजूला सारून लेक पुढे आली. तिने बापाच्या खांद्यावर नाक टेकवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ओली माती," ती म्हणाली.