पांढऱ्या पडद्यापुढचा काळा चेहरा

तेजोमहाराजांच्या सभेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर दोन पडदे होते, एक पांढराशुभ्र, एक काळाभोर. समोर तिपाईवर कॅमेरा.

"कॅमेरा खोटं बोलत नाही हो!" महाराज गरजले. "पुण्यवंताचं तेज, पाप्याचा काळिमा, सगळं आपोआप उमटतं. मी नुसतं बटण दाबतो!"

कुणाला कुठल्या पडद्यापुढे बसवायचं, हे मात्र महाराजच ठरवत.

पावाची भट्टी चालवणाऱ्या आक्का पुढच्याच रांगेत होत्या. मागच्या महिन्यात त्यांची सून पांढऱ्या पडद्यापुढे बसली, तेव्हा फोटोत तिचा चेहरा कोळशासारखा आला. "घरात अवदसा शिरलीय," महाराज म्हणाले. नातू सारखा आजारी, आक्कांना आयतं कारण सापडलं. त्यांनी पोर सुनेच्या हातून काढून घेतलं आणि तिला माहेरी धाडलं. आक्कांच्या मुलानेही तिला अडवलं नाही.

आज शेजारी आक्कांची लेक होती, परगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. वहिनीचा फोटो उंच धरून ती उठली.

"महाराज, फोटोतला पडदा मळकट राखाडी दिसतोय. इथं तर दुधासारखा पांढरा आहे. पडद्यानंही पाप केलं का?"

हशा पिकला. "तेजलहरी शाळेत शिकवत नाहीत, बाई!" महाराज गुरगुरले.

भक्तच ओरडले, "तुम्हीच बसा, महाराज! हिची बोलती बंद करा!"

महाराज कात्रीत सापडले. पांढऱ्या पडद्यापुढे बसावंच लागलं. लेकीने बटण दाबलं आणि फोटो सगळ्यांना दाखवला. महाराजांचं तोंड तव्याच्या बुडासारखं आलं होतं.

"हा कॅमेरा अर्धा आपल्या हुकमात, अर्धा स्वतःच्या मनाने चालतो," ती म्हणाली. "भिंगातलं छिद्र किती उघडायचं ते आपण सांगतो, उजेड किती वेळ घ्यायचा ते तो ठरवतो. त्याला पाप-पुण्य कळत नाही. समोरचं सगळं मध्यम राखाडी असणार, असं तो धरून चालतो. पांढरं दिसलं की उजेड कमी करतो, मग चेहरा काळवंडतो. काळं दिसलं की वाढवतो, मग चेहरा झळाळतो. ही चूक सुधारायला अधिक-उण्याची चकती असते."

तिने चकती अधिककडे फिरवून पुन्हा बटण दाबलं. तोच पडदा, तेच महाराज, आणि चेहरा लख्ख!

"घ्या, एका चिमटीत पुण्यवंत झाले!"

सभा खो-खो हसली. आक्का हसल्या नाहीत.  माहेरी जाताना सून म्हणाली होती, "आई, फोटो ठेवा, माझ्याकडे बघा." त्यांनी बघितलं नव्हतं.

नातवाला कडेवर घेऊन त्या तशाच सुनेच्या माहेरी गेल्या. दार उघडताच पोराने आईकडे झेप घेतली. आक्का उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"मला फसवलं, असं सांगणार होते," त्या खाली बघत म्हणाल्या. "पण मला कुणावर तरी खापर फोडायचंच होतं."

सून पोराला घट्ट धरून उभी होती. "मी आज येणार नाही, आई."

"नको येऊस. पोर तुझ्यापाशीच राहू दे. डॉक्टरकडे नेशील तेव्हा हाक मार, मी येईन."

दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला आलेल्या बायकांनी महाराजांचा विषय काढला. आक्का म्हणाल्या, "चमत्कार दाखवला की विचारा, पडदा कुणी निवडला? पडदा बदलून दाखवा म्हणा. आणि घरच्या माणसाबद्दल कुणी काही सांगितलं, तर आधी त्या माणसाला विचारा. मी विचारलं नाही."