शिफारस कोणाची?

लेकीचा अर्ज संध्याकाळपर्यंत जायला हवा होता आणि शिफारसपत्राची जागा अजून रिकामीच होती. कॉलेज दूरचं, नावाजलेलं. शेकड्यात चार-पाच मुलं घेतात म्हणे. त्या सकाळी माझ्या नेमात सारखा खंड पडत होता. ओठांवर देवाचं नाव आणि डोक्यात ती रिकामी जागा.

ह्यांचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान. एका बड्या कंपनीच्या संचालकांचे कोट आमच्याकडे येतात. ह्यांनी धीर करून त्यांना विचारलं, तर साहेब लगेच म्हणाले, "काय हवं ते लिहून आणा, मी सही ठोकतो."

"झालं की काम फत्ते!" हे खुशीत. काउंटरवरचे कपडे सरकवून आम्ही तिघं लिहायला बसलो. कष्टाळू. प्रामाणिक. वक्तशीर. सांगितलेलं काम निमूट करणारी.

लेकीनं वाचलं आणि फिसकन हसली. "बाबा, हे आपल्या इस्त्रीचं वर्णन आहे."

"इस्त्री तापते तरी. तू कुठं तापतेस?" असं म्हणाले खरे, पण पेन खाली ठेवलं त्यांनी.

"साहेबांनी मला कधी पाहिलंय तरी का? कॉलेजनं फोन करून विचारलं तर काय सांगतील? कोट छान येतात म्हणून?"

"मोठ्या माणसाच्या सहीला वजन असतं, बाळा. दुसरं कोण देणार तुला?"

तिनं कागद उलटा ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "रसायनच्या बाई मला ओळखतात. पण..."

तो 'पण' मला ठाऊक होता. गेल्या वर्षी प्रयोग जमेना, म्हणून तिनं पुस्तकाशी जुळतील असे आकडे मनानंच लिहिले होते. बाईंनी पकडलं, सरळ शून्य दिलं. त्यानंतर ही आपणहून शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबू लागली. बोटांना डाग घेऊन घरी यायची. "जमलं का गं?" म्हटलं की, "नाही. पण का जमत नाही ते कळतंय," म्हणायची.

हे उसळले. "ज्यांनी शून्य दिलं, त्यांच्याच दारात? आपल्याच पायावर धोंडा!"

"तुम्ही साहेबांचे कोट पोचवा," मी म्हटलं. "आम्ही जाऊन येतो."

शाळेच्या प्रयोगशाळेत बाई नळाखाली परीक्षानळ्या घासत होत्या. सगळं ऐकून त्यांनी हात पुसले.

"लिहीन की. पण त्या खोट्या आकड्यांपासून सुरुवात करावी लागेल. ते वगळलं, तर पुढे तू जे केलंस त्याला अर्थच उरत नाही. चालेल?"

मोघम लिहा हो, चांगलं तेवढंच लिहा, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. लेक दप्तराचा पट्टा पिळत उभी.

"आणि कॉलेजवाल्यांनी तेवढंच वाचून अर्ज बाजूला टाकला तर?" तिनं विचारलं.

"टाकतीलही," बाई म्हणाल्या.

लेकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली.

बाई संगणकापुढे बसल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. हे दबक्या आवाजात, "अगं, साहेब गाडीत बसतायत. आपण लिहिलेला कागद आणलाय मी. सही घेऊ ना? मग सापडायचे नाहीत."

बाईंची बोटं चालत होती, मध्येच थांबून पुन्हा चालत होती.

"कोट द्या आणि या," मी म्हटलं. "सही नको."