चार बोटांचं दार

तेल्हाऱ्याबाहेर एक बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे. तिच्या टिनाच्या शेडमध्ये रविवारी सकाळी नऊ वाजताच पाय ठेवायला जागा उरत नसे. मार्चचं ऊन, वर तापलेलं टीन, आणि तरी बायका एकमेकींना चिकटून बसलेल्या. प्रत्येकीजवळ घरून आणलेला प्लास्टिकचा टब, घरच्या पाण्याची कॅन आणि घरचाच सुताचा दोरा.

"टब तुमचा, पानी तुमचं, दोरा तुमचा!" भगवंत महाराज लाल मखमलीच्या आसनावरून ओरडत. "माह्यं काय हाय इथं? दोन चिमटे अन् नजर! कोनाले वाटत असन महाराज रंग टाकते, तर त्यानं माह्ये हात बांधून पाहावं."

आणि खरंच कधी कधी कुणीतरी पुढे होऊन त्यांचे हात उपरण्याने बांधत असे.

आधी दोरा. टबाच्या तोंडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत, बरोबर मधून दोरा धरायचा आणि तोडायचा. तसे तीन दोरे एकापुढे एक टबाच्या काठावरून फिरवायचे. तिसरा दोरा संपे, पण काठ संपत नसे. चार बोटं जागा उघडी राही.

"हे पाहा दार!" महाराज गरजत. "तीन दोरे म्हंजे तीन देव. तीन देवांनी घेरलं तरी दार उघडंच! इथूनच बाहेरचं आत शिरलं."

मग पाय टबात. टबाच्या दोन्ही काठांना एकेक लोखंडी चिमटा टेकवायचा, टोकं पाण्यात, चिमट्यांच्या मुठींना गुंडाळलेली लाल फडकी खाली आसनापर्यंत लोंबलेली. मंत्र सुरू. पाच मिनिटांनी पाणी फेसाळे. दहा मिनिटांनी हिरवट होई. वीस मिनिटांनी वाळलेल्या रक्तासारखं तांबडंकाळं.

"निघून राहिली! पाहा, पायातून निघून राहिली!"

त्या रविवारी टबात पाय होते ते माझ्या आचलचे. पाणी मीच भरलेलं होतं, घरच्या बोअरचं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडलं त्याचा दोष मला दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. मी ते पाणी पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

आचल तेरा वर्षांची, आठवीत. वर्षभरापासून ती बोलता बोलता मध्येच थांबायची. डोळे माजघराच्या कोपऱ्यात खिळायचे आणि उजव्या हाताची बोटं फ्रॉकची कड अशी चिमटत राहायची, जणू बोंडातून कापूस वेचते आहे. अर्धा मिनिट. मग, "काय गं आई, काय म्हणत होतीस?" तिला काही आठवत नसे. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं होतं, "ही फिटच आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी. एकही चुकवायची नाही." गोळ्यांनी थांबणं कमी झालं होतं.

पण माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या नजरेला ओळखत होत्या. त्यांची मुलगी पौर्णिमा, मी कधी न पाहिलेली माझी नणंद, सोळाव्या वर्षी शेतातल्या विहिरीत गेली. बावीस वर्षं झाली. तीही त्याच कोपऱ्यात बघत बसायची म्हणे. तशीच कापूस वेचायची, रिकाम्या हवेतला.

महाराजांनी त्या तांबड्या पाण्यात वाकून पाहिलं. "पान्यातली हाय. सोळा वर्साची. घरचीच पोट्टी हाय."

आत्याबाई जागीच बसल्या. शेजारच्या चतुराबाई, ज्या महाराजांच्या रांगेची व्यवस्था बघायच्या, त्यांनी पाणी आणून दिलं. ही गोष्ट महाराजांच्या कानात आधी कुणी घातली असेल, हा विचार मला तेव्हा शिवलाही नाही.

"गोळ्या बंद," महाराज म्हणाले. "गोळीनं ते आतच गुंगून रायते, निघत नाई. सात रविवार. शाळाबी बंद."

माझे यजमान नितेश नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात आहेत, पंधरा दिवसांनी येतात. फोनवर म्हणाले, "आईच्या मनाचं समाधान होते तर महिनाभर पाहू करून." आत्याबाईंनी गोळ्यांची पाकिटं पानाच्या बटव्यात घातली आणि बटवा कमरेला खोचला. मी तो मागितला नाही.

त्यानंतरचे दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. घरात तिघीच, पण मी ताटं वाढताना चौथं घ्यायची आणि परत ठेवायची. आचल दिवसातून सात-आठ वेळा थांबू लागली. कोपऱ्यात बघायची, आणि तिच्याकडे बघता बघता मीही तिकडे बघायची. तिथे फवारणीचा पंप आणि पोत्यांची चळत याशिवाय काही नव्हतं. तरी मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसेनाशी झाले. दुपारी आत्याबाई तिकडे तोंड करून हळूच म्हणायच्या, "पौर्णे, सोड वं तिले. माय म्हनून पाया पडतो तुह्या."

बुधवारी दुपारी आचल पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. तांब्या पडला, मग ती पडली. सगळं अंग झटके देत होतं, तोंडाला फेस, ओठ निळे. मी तिला कुशीवर वळवलं आणि मोजत राहिले, एक, दोन, तीन... दोनशेच्या पुढे तिचा श्वास परत लागला. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

"आत्याबाई, गोळी द्या."

"आता नको वं. आता तं ती चिडली. अर्ध्यात सोडलं तं घेऊनच जाईन."

आणि मला, मला, क्षणभर ते पटलं.

गुरुवारी संध्याकाळी आचल हट्टाला पेटली. "शाळा बंद त बंद, पण परीक्षा तर होणारच आहे ना? उजळणी तरी घे माझी." मी पुस्तक उघडलं. बाहेर उजेड होता. कोपऱ्यात त्या रविवारचा टब पालथा पडला होता.

"वर्तुळाचा व्यास बेचाळीस सेंटिमीटर. परीघ काढ."

"बावीस सप्तमांश गुणिले बेचाळीस. सात सक बेचाळीस. बावीस सक... एकशे बत्तीस."

"बरोबर. आता त्रिज्या..."

तिने उत्तर दिलं नाही. नजर कोपऱ्यात खिळली होती. मी तिच्या डोळ्यांपुढे चुटकी वाजवली. "आचल! ए आचल!"

"थांब ना वं आई! विचार करून राहिली मी." ती उठली आणि तिने टब सुलटा केला. "पट्टी दे."

टबाचं तोंड बरोबर बेचाळीस निघालं.

"हे बघ. तीन दोरे म्हणजे तीन गुणिले बेचाळीस, एकशे सव्वीस. पण परीघ एकशे बत्तीस. सहा सेंटिमीटर उरणारच. म्हणजे माझी चार बोटं." तिने बोटं काठावर टेकवली. "आई, हे दार माझं नाही. वर्तुळाचं आहे."

मग आम्ही वेड्यासारख्या घरभर दोरा घेऊन फिरलो. पातेलं, परात, पिठाच्या डब्याचं झाकण, माझी बांगडी. सगळ्यांना दार. मोठ्याला मोठं, लहानाला लहान, व्यासाचा साधारण सातवा हिस्सा. तीन दोऱ्यांनी बंद होणारं वर्तुळ सापडेना.

"मग पाणी?" मी विचारलं. मला तिचंच उत्तर हवं होतं.

तिने विज्ञानाचं पुस्तक उघडलं. विद्युतधारेचे रासायनिक परिणाम. "शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. क्षार असले की जाते. अन् आपलं बोअर..."

आपलं बोअर! आमचा सगळा पट्टाच खारपाणाचा, जमिनीखालचं पाणीच खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. प्यायला आम्ही आरओची कॅन विकत आणतो. 'घरचं पाणी आणा' म्हणून महाराज आम्हालाच मीठ कालवलेलं पाणी आणायला लावत होते आणि आम्ही त्यालाच त्यांच्या सचोटीचा पुरावा समजत होतो.

"ते चिमटे मी जवळून पाहिले," आचल म्हणाली. "एक गुळगुळीत होता. दुसरा खाल्ला गेलेला, खड्डे पडलेला. अन् बुडबुडे एकाच बाजूनं येत होते."

कोपऱ्यातल्या फवारणी पंपाची बॅटरी मी काढली. ज्या कोपऱ्याकडे चार दिवस पाठ केली नव्हती, तिथे हात घातला. दोन खिळे, दोन वायरी, प्लास्टिकच्या डब्यात बोअरचं पाणी. शेजारी दुसऱ्या डब्यात आरओचं. आधी बोअरच्या डब्याला बॅटरी जोडली. एका खिळ्याभोवती बारीक फेस उठला. पाणी हिरवट झालं. मग तांबडं. डब्यात कुणाचाही पाय नव्हता. मग तेच खिळे पुसून आरओच्या पाण्यात घातले. वीस मिनिटं वाट पाहिली. जवळजवळ तसंच्या तसं.

पंधरा वर्षांपूर्वी हे मीच परीक्षेत लिहिलं होतं. लोखंडाचा एक खिळा विरघळतो, त्याचा गंज पाण्यात उतरतो. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

आत्याबाई दारात कधीच्या उभ्या होत्या. तांबड्या डब्याकडे त्यांनी बोट केलं. "मंग ह्याच्यातून कोन निघालं?"

"कोणी नाही, आजी. खिळ्याचा गंज निघाला," आचल म्हणाली.

आत्याबाई खाली बसल्या. डबा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "पौर्नीलेबी अकोल्याची गोळी होती."

मी हातातली वायर खाली ठेवली.

"एका देवीवालीनं बंद करा म्हनलं. आमी बंद केली. वीस-बावीस रोज झाले अन् ते विहिरीवर पान्याले गेली." त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "तिले फिट आली असन ना वं तिथं? म्या इतके वर्सं तिलेच शिव्या दिल्या. मायले सोडून गेली म्हनून."

त्या रडल्या नाहीत. मी डॉक्टरांना फोन लावला. ते खूप रागावले, मग म्हणाले, "गोळी आत्ता द्या आणि उद्या घेऊन या." पाण्याचा पेला आत्याबाईंनीच भरला, आरओचा.

रविवारी आम्ही तिघी जिनिंगमध्ये गेलो. टब तोच, पण कॅनमध्ये आरओचं पाणी. आचलने पाय त्याच पाण्याने तीनदा धुतले, घामाचंही मीठ नको म्हणून.

मंत्र झाले. पाच मिनिटं, दहा, वीस. पाणी काचेसारखं. महाराजांनी चिमटे हलवले, आसनाखाली हात घातला, फडकी चाचपली. मग एकदम दोन्ही हात वर केले. "सुटली! गेली! पोट्टी मोकळी झाली!"

जयजयकार झाला. माझा धीर सुटत होता. या माणसाला हरवणार कसं? पाणी रंगलं तरी तोच खरा, नाही रंगलं तरी तोच.

"महाराज, आता माह्यं पाहा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी दुसरा टब पुढे सरकवला, बोअरच्या पाण्याचा. बसल्या, लुगडं टबाच्या अर्ध्या तोंडावर पसरलं, डोळे मिटले. चिमटे काठांना लागले. पाणी फेसाळलं, हिरवं झालं, तांबडं झालं. महाराजांच्या जिवात जीव आला.

"अरे बाप्पा! एक नाई, तीन जनी हायेत म्हातारीत! किती वर्सांच्या बसल्या हायेत!"

आत्याबाईंनी लुगडं बाजूला केलं. त्यांचे दोन्ही पाय टबाबाहेर, कोरडे. टबातून त्यांनी दोन्ही हातांनी मसाल्याचा वरवंटा उचलला.

"महाराज, या वरवंट्याले तीन जनी लागल्या काय जी?"

आधी कुणीच हसलं नाही. मग मागून एक पोरगी खुदकली, आणि टिनाखालची सगळी बायामंडळी फुटली. महाराज म्हणाले, "दगडातबी जीव असते!" चतुराबाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. त्या पुढे आल्या, लाल फडक्याचं टोक धरून ओढत गेल्या आणि आसनाची मखमल उचलली. खाली मोटरसायकलची बॅटरी. दोन वायरी दोन चिमट्यांना.

"अन् म्या तुमाले पौर्नीची गोष्ट सांगितली," त्या म्हणाल्या. "घरचं दुःख म्हनून सांगितली होती, बाप्पा. इकायले नाई."

आचलने महाराजांचंच आरतीचं ताट घेतलं, त्यांचाच दोरा, आणि सगळ्यांसमोर व्यासाएवढे तीन तुकडे काठावर मांडले. "हे पाहा. महाराजांच्या ताटालेबी दार हाय." तिने परीघ, व्यास, खारं पाणी, गंज, सगळं सांगितलं, वर्गात फळ्याजवळ उभं राहून सांगावं तसं. काहींना कळलं. काही टब उचलून निघून गेल्या. काही तशाच रांगेत बसून राहिल्या.

शेडबाहेर एक अनोळखी तरुण बाई माझ्यामागे धावत आली. कडेवर वर्षभराची मुलगी, मान टाकलेली. "ताई, माह्या लेकीची गोळी बंद करून बारा रोज झाले. आता दिली तं काही होईन काय?"

"घरी ठेवलेली लगेच देऊ नका. आधी डॉक्टरला दाखवू. आता, या गाडीनं."

"घरच्याइले विचारून येतो."

"गाडीतून फोन करा."

ती थांबली. मी तिचा टब हातातून घेतला, रस्त्याच्या कडेला ठेवला आणि अकोल्याच्या एसटीला हात दाखवला. गाडी थांबली. आम्ही दोघी चढलो. आचल आणि आत्याबाई खाली उभ्या होत्या.

तुमच्या घरात कुणी असं थांबत असेल, एकटक बघत असेल, तर भिऊ नका असं मी म्हणणार नाही. मीही अजून भिते. पण भीत भीतच डॉक्टरकडे जा, आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय गोळी एक दिवसही थांबवू नका. कुणी चमत्कार दाखवला तर आधी एवढंच विचारा : यात माणूस नसता, नुसता दगड असता, तरी हे असंच झालं असतं का? आणि मग दगड घालून पाहा.