दोरीला टेकणारा देव

देव दोरीला लागायला चार बोटं उरली होती आणि टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

नेकनूरकडून जीपा येत होत्या, पालीकडून ट्रॅक्टर येत होते, आणि आमच्या वाडीच्या बाया डोक्यावर घागरी घेऊन मुंग्यांच्या रांगेसारख्या चढत होत्या. खड्ड्याच्या काठाला घागर तिरपी व्हायची, पाणी खालच्या काळ्या पिंडीवर पडायचं, आणि काठावरचे लोक श्वास रोखून बघायचे. कुणी म्हणायचं, हलला. कुणी म्हणायचं, सकाळी इतका नव्हता. पिंडीच्या कडेनं बुडबुडे निघायचे, त्यालाही एका म्हातारीनं देवाचा श्वास ठरवून टाकलं होतं. खड्ड्यावर आडवी ताणलेली एक सूतदोरी होती. देव दोरीला टेकला की पाऊस पडणार, असं मांडवात बसलेल्या बाबानं जाहीर केलं होतं.

वासाचं मात्र कुणी बोलत नव्हतं. आंबट, चिकट, घशात बसणारा वास. येणारी प्रत्येक बाई पदर नाकाशी न्यायची आणि तो भक्तीनं नेल्यासारखं दाखवायची.

हा खड्डा देवासाठी खणलेला नव्हता.

आमची दूध संस्था दुष्काळानं आटवली. जनावरं काही छावणीला गेली, काही बाजाराला, आणि टेकडीवरची संस्थेची जागा वाऱ्याला आंदण राहिली. शाळेतल्या शिवगंगाबाईंनी सभासदांच्या बैठकीत ती जागा मागितली, वेधशाळेसाठी. त्या म्हणाल्या, "ढग तर आपल्याकडं फिरकत नाहीत. मग आभाळ तरी वापरू." लोक हसले आणि हसता हसता हो म्हणून बसले.

हो म्हणायला कारणही होतं. दसरा झाला की वाडीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मृगाच्या तीन चांदण्यांचं तिकांडं कुठवर कललं ते बघून उठायचं आणि शुक्र वर आला की कोयता उचलायचा, हेच त्यांचं घड्याळ. टोळीचा मुकादम रामहरी बैठकीत म्हणाला होता, "ज्या चांदण्यांनी जल्मभर झोपमोड केली, त्यांची तोंडं एकदा जवळून तर बघू." मग कुणी पडक्या बांधाचे दगड दिले, कुणी बैलगाडी दिली, गवंड्यानं आपली मजुरी सोडली, आणि प्रत्येक घरानं टँकरच्या पाण्यातली एक घागर काँक्रीटसाठी बाजूला ठेवायची ठरवलं. तहानलेल्या गावानं चांदण्यांसाठी पाणी राखलं. इतकं सुंदर काही मी या माळावर आजवर पाहिलेलं नाही.

दुर्बीण ज्या खांबावर बसते तो खांब इमारतीला न शिवता थेट जमिनीतून वर यावा लागतो. नाहीतर बाजूला कुणी पाऊल टाकलं तरी आत चंद्र थरथरतो. त्या खांबाच्या पायाचा हा खड्डा. काँक्रीट कुठवर भरायचं हे कळावं म्हणून गवंड्यानं ती दोरी ताणली होती. टोळ्यांचे ट्रक यायच्या आत खड्डा भरायला हवा होता. एकदा हात उसाच्या फडावर गेले की काम उन्हाळ्याशिवाय पुढं सरकणार नव्हतं, आणि रिकाम्या जागेवर डोळा ठेवणारे गावातच होते.

संस्थेचे चेअरमन कल्याणराव तोंडानं गोड. त्यांनी वेधशाळेला शुभेच्छा दिल्या आणि राखणीला आपला मेहुणा त्रिंबक बसवला. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी त्रिंबक बोंबलत गावात आला, की खड्ड्यात महादेव उगवलाय. लोक धावले. तळाशी पिंडीचं टोक दिसत होतं. दुपारच्या आत जलानंद नावाचा बाबा आला, मागून मांडवाचे बांबू आले, लाउडस्पीकर आला. स्वयंभू देव प्रकटल्याचं गावाच्या आधी मांडववाल्याला कळलेलं होतं. मंदिर बांधायचं ठरलं, आणि विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी कल्याणराव अर्थातच स्वतःहून नको नको म्हणत बसले.

बाबा बोलायचा ते निम्मं हिंदी आणि निम्मं रेडिओवरच्या हवामानाच्या बातमीसारखं. भूगर्भात ओंकाराचा दाब तयार झालाय. नळी आभाळाला लावायचं पाप होणार होतं, म्हणून भोलेनाथ आडवा आलाय. सायन्स जिथं थकतं तिथं माझी खडाव सुरू होते. आश्रुबा नावाच्या एका म्हाताऱ्यानं भीत भीत वासाचं विचारलं, तर बाबा डोळे मिटून म्हणाला, "बच्चा, हा तुमच्या गावाच्या पापाचा वास आहे. धुऊन निघतोय." झालं. त्यानंतर नाक मुरडणं म्हणजे आपलं पाप कबूल करणं झालं.

दुष्काळात महादेव पाण्यात कोंडायची आमच्याकडं रीत आहे. पिंड बुडेपर्यंत गाभाऱ्यात पाणी भरायचं. देवाचा जीव गुदमरला की तो ढगांना हाक मारतो म्हणतात. भोळी रीत आहे, पण तिच्यात देवाशी भांडण आहे, आणि ज्याच्याशी भांडतो त्याच्यावर माया असते. बाबानं या मायेलाच गळ लावला. त्यानं दुसरं काहीच मागितलं नाही. फक्त पाणी ओता म्हणाला.

आणि बायांनी ओतलं. आधी काँक्रीटचं गेलं, मग घरातलं जायला लागलं. कौशल्याबाई म्हणजे वाडीचा गळा. जात्यावरच्या ओव्या असोत की लग्नातली गाणी, पहिला सूर तिचा. तिनं तर गाई-कालवडीच्या वाटणीची बादलीही वर नेली. तिची कालवड दावणीलाच बसली ती पुन्हा उठली नाही. बाबा म्हणाला, देवानं नैवेद्य स्वीकारला.

शिवगंगाबाई रोज शाळा सुटली की टेकडीवर येत आणि काठावर उभ्या राहून दोरीपासून पिंडीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत. लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. घरी वडीलही बोलत नव्हते. सिद्धलिंगआप्पांचं बाजारपेठेत किराणा दुकान, गळ्यात इष्टलिंग, पूजेशिवाय तोंडात पाणी न घेणारा माणूस. तुमची लेक महादेवाच्या आड येतेय असं गिऱ्हाइकं तोंडावर बोलायची आणि आप्पा मान खाली घालून साखर तोलायचे.

एका सोमवारी भरल्या गर्दीत बाईंनी बाबाला अगदी साधा प्रश्न विचारला.

"महाराज, देव भक्तीनं वर येतो का पाण्यानं?"

बाबा म्हणाला, भक्तीनं. दुसरं काही म्हणणं त्याला शक्यच नव्हतं.

"मग उद्या घागर नको. दिवसभर नुसतं भजन करू. भक्ती दुप्पट करू."

बाबाच्या कपाळाला आठी पडली, पण कौशल्याबाईला ते पटून गेलं. गाण्याला ती कधी नाही म्हणालीच नाही. दुसऱ्या दिवशी बाया सकाळपासून काठावर बसल्या. उन्हं चढली, घसे सुकले, तरी गात राहिल्या. दुपार कलताना कौशल्याबाईच्या तोंडून आपसूक एक ओवी निघाली,

देव कोंडला पाण्यात । गाय बांधली दावणीला
घागर देवाला वाहिली । काय सांगू मी गाईला

आणि ती तिथंच थांबली. पुढची ओळ तिला येईना.

देव तसूभरही हलला नव्हता. बाबानं लगेच माईक ओढला. देव रुसलाय, कुणीतरी त्याची परीक्षा घेतली, आता दुप्पट पाणी लागेल, आणि ज्या बाईमुळं हे झालं तिला गावानं शाळेतून घालवावं. कल्याणरावांनी मान डोलवली. दोघंतिघं पोरं "हाकला बे तिला" म्हणत पुढं सरकली.

तेव्हा गर्दीतून सिद्धलिंगआप्पा पुढं आले. पायातल्या चपला काढल्या, धोतर खोचलं आणि खड्ड्यात उतरायला लागले.

बाबा ओरडला, आत पाय टाकलास तर जागेवर जळशील.

आप्पांनी वर पाहिलं. "माझा देव माझ्या तळहातावर असतो, महाराज. रोज त्याला हातावर घिऊन पुजतो. तो कधी भाजला न्हाई. मी त्याच्याच भेटीला चाललोय, तुमाला कावून घाम फुटला?"

ते चिखलात गुडघे टेकून बसले. पिंडीला नमस्कार केला. मग तिच्या कडेच्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत. त्यांचं तोंड वाकडं झालं. हात बाहेर आला तेव्हा मुठीत हरभरे होते. फुगून बोराएवढे झालेले, मोड आलेले, बुळबुळीत, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. वासाचा असा लोट वर आला की काठावरचे लोक मागं हटले. एकजण तिथंच ओकला.

रामहरीनं पहार घेतली. पिंड एका झटक्यात उपटली. देव सिमेंटच्या साच्यातला निघाला. वरून जळक्या ऑइलचा हात दिलेला, तो पाण्यानं कुठंकुठं निघालेला. खाली जमिनीत उभी पुरलेली सिमेंटची रुंद नळी होती आणि ती नळी तळापर्यंत हरभऱ्यानं ठासून भरलेली होती.

शिवगंगाबाईंनी शाळेत सांगतात तसंच सांगितलं. "हरभरा भिजला की फुगतो. नळी त्याला बाजूला पसरू देत नाही, खाली जागा नाही, मग तो वरचं ओझं ढकलतो. जितकं पाणी, तितका देव वर. बुडबुडे आंबलेल्या हरभऱ्याचे. वासही त्याचाच, तुमच्या पापाचा नव्हे. महाराजांनी यात काहीच केलं नाही. चमत्कार तुमच्या पाण्यानं केला."

कौशल्याबाई उठली. आप्पांच्या हातातले हरभरे तिनं आपल्या ओंजळीत घेतले, अळ्यांसकट, आणि मांडवात बाबासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"घ्या महाराज. परसाद हाय. माझ्या कालवडीच्या पाण्यावर पिकलाय."

बाबा मागं सरला. ती पुढं गेली. तो आणखी मागं सरला, खुर्चीला अडखळला, आणि उठून जीपकडं धावला तेव्हा त्याच्या खडावा मांडवातच राहिल्या. त्रिंबक त्याच्या आधीच जीपमध्ये बसला होता. कल्याणराव म्हणत होते, आमचीही फसवणूक झाली. पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. रामहरीनं टोळीला हाक दिली. त्याच संध्याकाळी नळी उपटली, सडका हरभरा ओढ्यापलीकडं पुरला. घराघरानं पुन्हा एक घागर राखली, आणि ट्रक आले तेव्हा खांबाचा पाया भरलेला होता.

निघायच्या आदल्या दिवशी कौशल्याबाई शिवगंगाबाईंकडं आली होती. तिला एकच विचारायचं होतं: देव खोटा निघाला ते ठीक, पण मग पाऊस कावून येईना?

"मावशी, मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "शिकतेय. पण माहीत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही."

तो बाबा आता दुसऱ्या कुठल्या गावात असेल. तिथंही माणसं तहानलेली असतील, तिथंही रीत भोळी असेल, आणि मांडववाला वेळेवर येईल. त्या गावाला माझं एवढंच सांगणं आहे. नमस्कार करायचा तर खुशाल करा. देवावर माया करायला कुणाची परवानगी लागत नाही. पण जो माणूस वासाला तुमचं पाप म्हणतो आणि तुमच्या लेकराबाळांचं, गुरावासरांचं पाणी मागतो, त्याच्यापुढं हात जोडायच्या आधी त्यातला एक हात दगडाखाली घालून बघा. किळस येईल. येऊ द्या. हात धुता येतो.