भिंतीतली बारी

मंजुळाच्या कुकरची शिट्टी आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येते, मग तिच्याकडे जायला रिक्षा का लागते, हे कोडं काही केल्या तरुबेनला सुटत नव्हतं.

अमदावादेत, जुन्या खाडियात, दोघींचे पोळ, म्हणजे एका दरवाजाआड वसलेले जुने मोहल्ले, वेगळे होते. पण मधे बारी होती, एका पोळच्या बोळातून दुसऱ्यात निघणारी चिंचोळी वाट. दंगल होवो की विरजण संपो, बाई बारीतून पलीकडे. म्हणून शहराबाहेर घरं घेताना दोघींनी नकाशात पाठीला पाठ लागते एवढंच बघितलं. वाट आहे का, हे कुणी विचारलंच नाही. पोळमधल्या माणसाला ते सुचतच नाही.

आता मंजुळाचा गुडघा बदलला होता. सून नोकरीला, दिवसभर घरात एकटी. "दुपारचं मी बघते," असा शब्द तरुबेननं दिला होता. पण खिचडी घेऊन निघालं की फाटक, हमरस्ता, पुलाखालचा वळसा, परत फाटक. काल तिथल्या वॉचमननं आत सोडलंच नाही. मंजुळाचा डोळा लागला होता, विचारायला त्यानं केलेला फोन उचलायला कुणी नाही. ती उपाशी राहिली.

तरुबेननं आपल्या वॉचमनला गाठलं. "भाई, आपली बारी कुठंय?"

त्यानं ऑफिसची खिडकी दाखवली. गुजरातीत खिडकीलाही बारीच म्हणतात, आणि बिचाऱ्याला तेवढीच ठाऊक.

मग ती स्वतःच शोधत निघाली. गल्ली संपते तिथं भिंत. भिंतीपलीकडे त्याच रांगेत दिव्याचे खांब पुढं गेलेले. म्हणजे एकच रस्ता मधून चिरलेला! बिल्डरांनी शेतं घेतली, ज्यानं त्यानं आपल्यापुरती बरणी केली आणि वर झाकण लावलं. शहर वाढलं म्हणे. वाढलं कसलं, सांडलं.

सोसायटीचे चेअरमन परेशभाई हसले. "बेन, बंद गल्लीतल्या घराला भाव जास्त. शांतता असते ना!"

"म्हणजे वाट नाही, त्याचे जादा पैसे मोजले मी?"

"असंच समजा."

"आणि मंजुळानं उपाशी मरायचं, शांततेत?"

"पुढच्या मीटिंगला अर्ज द्या."

तरुबेन घरी आली ती खलातला लोखंडी बत्ता घेऊन परसात गेली. भिंत दिसायला भक्कम, आतून बिल्डरच्या शब्दासारखी पोकळ. तिसऱ्या घावाला वीट हलली.

"कोण गं?" पलीकडून आवाज आला.

"मी. लांब सरक."

"अगं बाई, माझे पापड वाळतायत इथं!"

"उचल मग."

"गुडघा कोण तुझा बाप उचलणार?"

आवाजानं परेशभाई धावत आले. "तरुबेन! आज वाटकीएवढं भोक पाडाल, उद्या त्यातून माणूस येईल!"

"माणूस यावा म्हणूनच पाडतेय," ती म्हणाली आणि शेजारच्या विटेवर बत्ता घातला.